‘मला आवडला’ म्हणजे नेमकं काय? बेस गिटारवाल्यांची मतं आणि आपलं ऐकणं

आजचा विषय वाचून दोघा-तिघांनी मला दारातच गाठलं. म्हणाले, सर, जन्मभर ह्यूम आणि कांट शिकवलात, आता हे बेस गिटारचं काय काढलंत? मी म्हटलं, बसा तर खरं. विषय तोच आहे, वाद्य तेवढं बदललंय.

मला बेस वाजवता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझा नातू वाजवतो. गेली चार वर्षं दर रविवारी त्याचं टोळकं आमच्याकडे जमतं. तासभर वाजवतात आणि दोन तास बोलतात. कुठला बेस चांगला, कुठलं दुकान बरं, तारा कुठल्या घालाव्यात, बोटांनी वाजवावं की पिकनं. मी शेजारच्या खोलीत पुस्तक घेऊन बसतो आणि पुस्तक सोडून हेच ऐकतो. आज मला या बोलण्याचीच समीक्षा करायची आहे. वाजवण्याची नाही, कारण तो माझा अधिकार नाही. मतं कशी बनतात आणि कशी दिली जातात, एवढ्यापुरतं मी बोलू शकतो.

ज्यांना वाद्याची ओळख नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. बेस गिटारला साधारणपणे चार जाड तारा असतात, आणि त्या नेहमीच्या गिटारपेक्षा एक सप्तक खाली लावलेल्या असतात. १९५१ साली कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणला. त्याआधी हे काम उभा डबल बेस करायचा. माणसाहून उंच वाद्य, त्याला पडदे नाहीत, स्वर अंदाजानं लावायचा. फेंडरनी पडदे, म्हणजे फ्रेट, बसवले. स्वर अचूक लागू लागला, म्हणून नाव ‘प्रिसिजन’. आणि गंमत अशी की स्वतः फेंडरना गिटार वाजवता येत नव्हती! ते वाजवणाऱ्यांना विचारायचे आणि ऐकून घ्यायचे. म्हणजे आजचा आपला जो विषय, वादकांची मतं, त्यातूनच हा कारखाना उभा राहिला.

या वाद्याचं काम खर्जाचं. तबलजीनं डग्गा बाजूला ठेवून नुसता तबला वाजवला तर काय होईल? गाणं चालू राहील, पण पायाखालची जमीन गेल्यासारखं वाटेल. बेसचं तसंच आहे. असतो तेव्हा लक्ष जात नाही, नसला की चैन पडत नाही. आपल्या मुंबईत राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांत टोनी वाझ बेस वाजवायचे. ती गाणी आपण सगळ्यांनी हजारदा ऐकली आहेत. त्यांचं नाव इथल्या किती जणांना ठाऊक होतं? (सभागृहात तीन-चार हात वर.) बघा.

आता मुद्द्याकडे येतो. रविवारच्या या गप्पांत एक वाक्य हमखास येतं: ‘शेवटी ज्याची त्याची आवड.’ आणि हे वाक्य आल्यावर वाद थांबायला हवा की नाही? तो थांबत नाही! उलट पुन्हा पेटतो. एक जण म्हणतो, आवड ठीक आहे, पण तो बेस खाली नुसता घुमतो. दुसरा म्हणतो, घुमतो कसला, तुझ्या तारा जुन्या आहेत.

कांटनं १७९० च्या ग्रंथात एक भेद केला आहे. कॅनरी बेटांची वाइन छान आहे, असं कुणी म्हणालं तर त्याला सांगावं, बाबा रे, ‘मला’ छान लागते असं म्हण. तिथे भांडण नाही. पण एखादी गोष्ट सुंदर आहे असं आपण म्हणतो तेव्हा इतरांनीही होकार द्यावा अशी आपली मागणी असते. पुरावा देता येत नाही, पण मागणी सुटत नाही. ही पोरं नेमकी याच पेचात आहेत. तोंडानं म्हणतात ‘ज्याची त्याची आवड’, आणि वागतात असं की समोरच्याला पटलंच पाहिजे. मला वाटतं, त्यांचं वागणं बरोबर आहे आणि वाक्य चुकीचं आहे. मत ही नुसती आवड नसते, ते बरोबर किंवा चूक असू शकतं. पण कशानं बरोबर आणि कशानं चूक, हे शोधावं लागतं.

माझंच चुकलेलं एक मत सांगतो. नातवाला दुसरा बेस घ्यायचा होता. आम्ही मुंबईला एका दुकानात गेलो. त्यानं दोन बेस वाजवून दाखवले आणि विचारलं, ‘आजोबा, कुठला?’ मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, ‘दुसरा. त्याचा आवाज भरीव आहे.’ आणि हे मी मनापासून म्हणालो, मला तसं ऐकू आलं होतं. घरी परतताना गाडीत उमगलं की दुसऱ्या बेसला लटकवलेली किमतीची चिठ्ठी मी आधीच वाचली होती. शिवाय दुसरा वाजवताना त्यानं अ‍ॅम्पचा आवाज थोडा वाढवला होता. म्हणजे मी जे ‘भरीव’ म्हटलं त्यात चिठ्ठी किती, आवाजाचं बटण किती आणि बेस किती? मला सांगता येईना. बेस घेतला तो घेतलाच. वजनदार निघाला. तासभर खांद्यावर घेतला की पोराची मान अवघडते. दुकानात तो स्टुलावर बसून वाजवत होता, त्यामुळे वजनाचा प्रश्न कुणाच्या डोक्यातच आला नाही.

ही चूक एकट्या म्हाताऱ्याची नाही, तिच्यामागे कानाची घडण आहे. बेसच्या सर्वांत जाड तारेचा मोकळा स्वर सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा असतो. आपला कान इतक्या खालच्या स्वरांना मुळातच मंद आहे, आणि आवाज लहान असला की आणखी मंद होतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं. आवाज मोठा केला की खालचे स्वर जास्त भरून येतात. म्हणून दोन बेस वेगवेगळ्या आवाजात ऐकले तर मोठ्यानं वाजलेला ‘चांगला’ वाटायची शक्यता दांडगी. दोन्हींचा आवाज सारखा ठेवला होता का, हा पहिला प्रश्न हवा. तो क्वचितच कुणी विचारतं.

मोबाइलवर ऐकून दिलेली मतं हा आणखी एक प्रकार. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरला ४१ कंपनांचा स्वर काढताच येत नाही. मग आपल्याला बेस ऐकू कसा येतो? तंबोऱ्यातून न छेडलेला गंधार उमटतो, हे आपण जाणतो. तारेतून मूळ स्वराबरोबर वरचे उपस्वर निघतात. मोबाइलमधून फक्त ते वरचे येतात आणि खालचा मूळ स्वर आपला मेंदू स्वतःच धरून घेतो. म्हणजे ‘या बेसचा खर्ज फार गोड आहे’ असं मोबाइलवर ऐकून म्हणणारा माणूस ज्या खर्जाची तारीफ करतोय, तो बऱ्याच अंशी त्याच्याच डोक्यात तयार झालेला असतो!

आता दुकान. दुकानात बेस एकटा वाजतो. एकटा वाजताना काय आवडतं? खाली भरपूर घुमणारा, वर चकचकीत असा आवाज. तोच बेस ड्रम, दोन गिटार आणि गायक यांच्यात नेऊन ठेवा. खालची घुम ड्रमच्या मोठ्या ढोलात मिसळते, वरची चकाकी गिटारखाली झाकली जाते, आणि उरतो तो मधला भाग, जो दुकानात कुणी ऐकलाच नव्हता. अनुभवी बेसवाले सांगतात की एकटा ऐकताना जरा नाकात बोलल्यासारखा वाटणारा बेस बँडमध्ये स्पष्ट ऐकू येतो. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. बेस हे साथीचं वाद्य आहे. साथीला न बसवता त्याच्याबद्दल मत देणं म्हणजे लग्नाचा आचारी एका वाटीभर आमटीवरून ठरवण्यासारखं आहे.

म्हणून चांगला दुकानदार कसा ओळखावा? जो बेस हातात देण्याआधी विचारतो, कुठे वाजवणार, कुणाबरोबर, उभ्यानं की बसून? असे दुकानदार मी पाहिले आहेत. या मंडळींना हिणवू नका. विकायचं असतं हे खरं, पण परत येणारी वाद्यंही तेच बघतात. कुठली मान पावसाळ्यात वाकते, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार?

मान म्हणजे बेसची नेक. लाकूडच ते, दमट हवेत आणि तारांच्या ताणानं हलतं. तिच्या पोटात लोखंडी सळई असते, ट्रस रॉड, ती पिळून मान सरळ करता येते. तारा पडद्यांपासून किती उंच, हेही कमीजास्त करता येतं. याला ही पोरं ‘सेटअप’ म्हणतात. आपल्या तंबोऱ्याची जवारी काढतात, तसंच हे. मिरजेचा उत्तम तंबोरा घ्या, जवारी बिघडली असेल तर तो बद्द बोलेल. म्हणून तंबोरा वाईट असं कुणी गवई म्हणेल का? तो म्हणेल, जवारी काढून आणा. बेसवाल्यांत मात्र ‘अमुक कंपनीचे बेस भिकार’ असं मत बेधडक दिलं जातं. आणि खोदून विचारलं तर कळतं, त्यानं दुकानात एकच बेस दहा मिनिटं वाजवला होता, आणि त्याच्या तारा बोटभर उंच होत्या. मत कंपनीबद्दलचं नव्हतं, एका पिळायच्या राहिलेल्या सळईबद्दलचं होतं.

याचा एका मुलीला झालेला त्रास मी जवळून पाहिला. त्या टोळक्यात एक मुलगी येऊ लागली होती. ट्यूशन घेऊन साठवलेल्या पैशातून तिनं स्वस्तातला, जुना बेस घेतला होता. तिनं वाजवलेलं एक रेकॉर्डिंग मुलांनी ऐकलं, मोबाइलवरच, आणि एक जण सहज बोलून गेला, ‘हा फेकून दे, यावर शिकूच शकणार नाहीस.’ दुष्टपणा नव्हता त्यात, पण ती यायची थांबली. दोन महिने. मग कुणीतरी तिला एका कारागिराकडे नेलं. त्यानं मान सरळ केली, तारा खाली घेतल्या, नव्या घातल्या. आता ती त्याच बेसवर वाजवते आणि नीट वाजवते. पण मनात आलं, तो कारागीर भेटला नसता तर? एका ढिसाळ मतानं एक वाजवणारी माणूस गेली असती. मतं फुकट असतात असं आपण समजतो. त्यांची किंमत असते, फक्त ती बहुतेक वेळा दुसऱ्याला मोजावी लागते.

आता मोठ्या नावांचा दाखला. वाद अडला की कुणीतरी एक नाव फेकतं. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीचे जेम्स जेमरसन घ्या. साठच्या दशकातल्या त्या असंख्य गाण्यांचा खर्ज त्यांचा. १९६२ चा प्रिसिजन बेस, गुळगुळीत वेष्टनाच्या फ्लॅटवाउंड तारा, त्या क्वचितच बदलायच्या, आणि उजव्या हाताचं फक्त एक बोट. झालं! लगेच निष्कर्ष: तारा बदलू नयेत. समोरचा जॅको पास्टोरियसचं नाव काढतो. त्यानं आपल्या जॅझ बेसचे पडदेच काढून टाकले होते, लाकडावर होडीला लावतात तसला इपॉक्सीचा थर दिला होता आणि खरबरीत राउंडवाउंड तारा घातल्या होत्या. म्हणजे प्रत्येक बाबतीत उलट. तिसरा कॅरल के यांचं नाव घेतो, त्या पिकनं वाजवायच्या. आता या तिघांवरून नियम कुठला काढणार?

पॉल मॅकार्टनी यांचं उदाहरण तर मला फार आवडतं. १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये त्यांनी व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर बेस घेतला. का घेतला? एक तर स्वस्त होता. आणि ते डावखुरे. तो बेस दोन्ही बाजूंनी सारखा असल्यामुळे उलटा धरला तरी विचित्र दिसत नव्हता. ही कारणं त्यांनी स्वतः सांगितली आहेत. त्यात आवाजाचा मुद्दा कुठे आहे? पण आज तो बेस घेणारे ‘त्या आवाजासाठी’ घेतात. वाद्यामुळे वादक घडला की वादकामुळे वाद्याला मोल आलं, हा प्रश्न इथे उघडा पडतो. थोरांचं नाव हा दाखला असतो, युक्तिवाद नसतो. त्यांनी ते का केलं आणि ते कारण मला लागू आहे का, एवढं विचारलं की दाखल्याचा युक्तिवाद होऊ शकतो.

इथे व्हायोलिनची एक हकीकत सांगतो, कारण तिच्यात चांगला वाद कसा घालावा ते दिसतं. २०१० मध्ये इंडियानापोलिसला २१ अनुभवी व्हायोलिनवादकांना सहा व्हायोलिनं दिली. तीन जुनी इटालियन, त्यात दोन स्ट्राडिव्हेरी आणि एक ग्वार्नेरी, आणि तीन नवी. अंधारी खोली, डोळ्यांवर जाड चष्मे, जुन्या लाकडाचा वास कळू नये म्हणून हनुवटीखाली अत्तर! बहुतेकांनी घरी न्यायला नवं व्हायोलिन निवडलं, आणि सर्वांत कमी पसंती मिळाली एका स्ट्राडिव्हेरीला. टीका झाली: हॉटेलच्या खोलीत काय कळतं? ही व्हायोलिनं मोठ्या सभागृहासाठी आहेत. आता बघा, ही टीका चांगली होती. तिनं ‘ज्याची त्याची आवड’ म्हणून वाद मिटवला नाही, तिनं जागा विचारली. मग त्याच संशोधकांनी पॅरिसजवळ दहा नामवंत वादकांना बोलावलं, तालमीच्या खोलीत आणि नंतर सभागृहातही वाजवायला लावलं. कौल पुन्हा नव्यांकडेच झुकला. एक मत, त्यावर आक्षेप, आक्षेपातून नवी कसोटी. याला म्हणतात मताला मान देणं.

ह्यूमनं १७५७ च्या निबंधात ‘डॉन किहोते’मधली सँचोची गोष्ट सांगितली आहे. सँचोचे दोन नातलग पिंपातली वाइन चाखतात. एक म्हणतो, उत्तम आहे, पण किंचित चामड्याची चव येते. दुसरा म्हणतो, उत्तम, पण लोखंडाची येते. लोक दोघांनाही हसतात. पिंप रिकामं होतं तेव्हा तळाशी निघते एक किल्ली, चामड्याच्या वादीला बांधलेली! ही गोष्ट मी वर्गात अनेकदा सांगितली. सूक्ष्म चव खोटी नसते, हा तिचा अर्थ. पण या मुलांचं ऐकता ऐकता मला तिच्यात आणखी एक दिसलं. दोघांनी एकाच पिंपातली चाखली होती. म्हणून किल्ली दोघांनाही न्याय देऊ शकली. बेसवाल्यांच्या वादात बहुतेक वेळा पिंपंच वेगळी असतात. एकानं दुकानात ऐकलेला, दुसऱ्यानं मोबाइलवर, तिसऱ्यानं मांडवात, आणि भांडण मात्र चवीचं.

तरीही एक गोष्ट मला सुखावते. हीच मुलं वाजवण्याबद्दल बोलतात तेव्हा त्यांची भाषा एकदम बदलते. वाद्याबद्दल बोलताना ‘उबदार’, ‘दमदार’, ‘भिकार’ अशी विशेषणं, आणि वाजवण्याबद्दल बोलताना? ‘तो स्वर लांबतोय, आधी तोड.’ ‘इथे ड्रमच्या जरा मागे राहा.’ ‘कडव्यात कमी वाजव.’ विटगेनस्टाइननं १९३८ च्या केंब्रिजमधल्या व्याख्यानांत हेच दाखवलं होतं: जाणकार माणूस ‘सुंदर, सुंदर’ फारसं म्हणत नाही. शिंप्याकडे तो म्हणतो, बाही लांब झाली. ही खरी समीक्षा. ती लगेच करून बघता येते, चुकली तर लगेच कळते. आपल्याकडे अभिनवगुप्तानं सहृदयाची कल्पना मांडली, ज्याचं मन अभ्यासानं आरशासारखं स्वच्छ झालंय तो. ही मुलं वाजवताना सहृदय असतात. खरेदीचा विषय निघाला की आरसा धुरकटतो.

आता तुमच्यातला कुणी म्हणेल, मग वाद्याला काही अर्थ नाही, सगळं बोटांत आहे. हेही मत मी पुष्कळ ऐकतो आणि मला ते पटत नाही. आपल्याकडे म्हण आहे, नाचता येईना अंगण वाकडे. खरी आहे. पण कधी कधी अंगण खरोखरच वाकडं असतं! मान पिळवटलेली असेल, हाताच्या मानानं बेस फार लांब असेल, तर बोटांनी काय करावं? नेहमीच्या बेसची तार ३४ इंचांची असते. ३० इंचांचेही बेस मिळतात, आणि लहान हातांच्या मुलाला त्यानं फरक पडतो. ‘सगळं बोटांत आहे’ हे सांगणाऱ्याच्या हातात बहुधा नीट लावलेला बेस असतो, म्हणून त्याला ते सांगणं सोपं जातं. त्या मुलीला हे सांगून चाललं असतं का?

तर माझं म्हणणं एवढंच आहे. मत देऊ नका असं मी म्हणणार नाही. मतं द्या, भांडा, रविवार त्याकरताच असतो. पण मत द्याल तेव्हा ते कुठून आलं तेही सांगा. कुठे ऐकलंत, एकटं की बँडमध्ये? तारा कुठल्या आणि किती जुन्या? सेटअप झाला होता का? किंमत आधी कळली होती का? ज्याच्या मतामागे एवढं सांगितलेलं असेल, त्याच्याशी आपल्याला सहमत होता येतं आणि असहमतही. बाकीच्यांशी फक्त भांडता येतं.

गेल्या महिन्यात नातवानं पुन्हा विचारलं, ‘आजोबा, या नव्या तारा कशा वाटतायत?’ मी म्हटलं, ‘बाकीचे येऊ देत. त्यांच्याबरोबर वाजव, मी मागच्या खोलीत बसून ऐकतो, आणि मग सांगतो.’ ते आले, वाजवलं. मी सांगितलं, दुसऱ्या गाण्यात तू मला ऐकूच आला नाहीस. तो जरा खट्टू झाला. मग ड्रमवाला म्हणाला, ‘बरोबर आहे, मलाही नाही आला.’ आणि दोघं बटणं फिरवायला लागले.

थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ. आणि इथे कुणी बेसवाले बसले असतील तर त्यांनी आधी बोलावं. माझं कुठे चुकलं ते त्यांना जास्त कळणार.